जहाजाच्या पोटावरचा हात

तो हात माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या माणसाला ते सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याला मी फार उशिरा सांगितलं. मधल्या काळात तो एका मेलेल्या मित्राच्या भीतीत जगला. मी ते बघत होतो. एका शब्दात त्याची सुटका करता आली असती, आणि मी तो शब्द उच्चारला नाही.

मी दुबईतल्या एका गोदीत रंगाचा इन्स्पेक्टर आहे. गावाकडे कुणी विचारलं तर आई सांगते, "तिकडे जहाजांना रंग लावतो." तेही तसं खोटं नाही, फक्त रंग दुसरे लावतात आणि मी तो तपासतो. माझं काम मुख्यतः जहाजाच्या पोटाशी. जो भाग कायम पाण्याखाली असतो त्याला समुद्र मोकळा सोडत नाही. आधी बुळबुळीत साय धरते, मग शेवाळ येतं, मग चुनखडीच्या कवचाचे बारीक जीव येऊन बसतात. त्यांना बार्नॅकल म्हणतात. एकदा चिकटले की मेल्यावरही त्यांचं घर सुटत नाही. इथल्या आखातात उन्हाळ्यात पाणी आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट होतं, आणि अशा पाण्यात काही महिने नुसतं उभं राहिलेलं जहाज वर काढलं तर खालचं लोखंड दिसत नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे विष. सर्वांत वरच्या रंगात तांब्याचं विष कालवलेलं असतं. तो रंग साबणाच्या वडीसारखा पाण्यात हळूहळू झिजतो, झिजताना विष सुटत राहतं, आणि जीव तिथे बसायला धजत नाहीत. हा रंग थेट लोखंडावर लावत नाहीत. आधी गंज थांबवणारे थर, मग जोडणारा एक थर, आणि त्यावर हा विषारी रंग. जोडणारा थर पुरता वाळायच्या आत वरचा रंग बसला पाहिजे, नाहीतर दोघांची गाठ पडत नाही. वेळ आली की नाही हे बघायची पद्धत अगदी साधी आहे. हातमोजा काढायचा आणि अंगठा दाबायचा. ठसा उमटला पाहिजे, पण रंग अंगठ्याला लागता कामा नये.

मी कडक इन्स्पेक्टर म्हणून ओळखला जायचो. कुणी उघड्या हातानं पत्र्याला टेकलेलं दिसलं तर तेवढा भाग मी पुन्हा पुसून घ्यायला लावायचो. हाताचा घामसुद्धा चालत नाही. हे मी माणसांना ओरडून ओरडून सांगितलेलं आहे.

त्या वर्षी दसऱ्याला एक जहाज गोदीत होतं. तेलाच्या विहिरींना सामान पुरवणारं, मध्यम आकाराचं. दसऱ्याची सुट्टी इथे कुठली असणार? बायकोनं पहाटे उठून शिरा केला आणि मोठ्या डब्यात भरून दिला. वडील साखर कारखान्यात फिटर होते. दसऱ्याला ते घरून निघायचे ते थेट आपल्या यंत्रापाशी जाऊन उजवा तळवा त्यावर सपाट ठेवायचे आणि क्षणभर गप्प उभे राहायचे. हळदकुंकू वगैरे त्यानंतर. ते मी लहानपणी इतक्यांदा पाहिलं की माझ्याही अंगात भिनलं. गोदीत पूजा करता येत नाही, उदबत्ती तर आगीच्या नियमात बसतच नाही, म्हणून मी दर दसऱ्याला, कुणाचं लक्ष नसताना, गोदीत जे जहाज असेल त्याला हात लावायचो.

शिरा आम्ही सकाळच्या चहाला जहाजाच्या सावलीत बसून खाल्ला. रंगकाम करणाऱ्या टोळीचा फोरमन रत्नागिरीकडचा मुसलमान, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. आम्ही एकमेकांशी मराठीत बोलायचो. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला साहेब. टोळीतला एक पेंटर त्याच्याच खाडीच्या पलीकडच्या गावचा होता. दोघं एकत्रच आखातात आलेले, मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये एकाच खोलीत राहायचे, एकमेकांना शिव्या देत. तो पेंटर खाऊन उठला आणि छाती चोळत म्हणाला, "छातीत जळजळतंय. कॅम्पवर जाऊ का रे आज?"

"दुसऱ्याचा शिरा म्हणून दाबून खाल्लास," भाई म्हणाला. "तूप जाळतंय तुला. एवढा पट्टा संपव आणि जा. यल्ला."

सगळे हसले. मीही हसलो.

मग मी पत्र्यापाशी गेलो. डावी बाजू, जहाजाच्या साधारण मधोमध. हातमोजा काढला, अंगठा दाबला, ठसा बरोबर उमटला. टोळी फवाऱ्याचे पाइप ओढून आणत होती, कुणी बघत नव्हतं. मी तळवा पत्र्यावर सपाट ठेवला. थर अजून किंचित चिकट होता, हात काढताना बारीकसा आवाज आला. हात धुतलेला नव्हता. तो मी फक्त रुमालाला पुसला होता, आणि आमच्या घरचा शिरा तुपाला कधी कमी नसतो. हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. खरं म्हणजे आलं होतं. मनात म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. मी हातमोजा चढवला आणि फवारा सुरू करायची खूण केली.

त्या पट्ट्यावर फवारा त्या पेंटरनं मारला. पट्टा संपवून तो कॅम्पवर गेला, झोपला, आणि उठला नाही.

भाईनं त्याचं शव गावी पोचवण्याची सगळी धावपळ केली. स्वतः मात्र बरोबर गेला नाही, आधीसारखाच कामाला लागला. फक्त कुणी "बरं वाटत नाही" म्हटलं की तो दुसरा प्रश्न विचारत नसे, लगेच पाठवून द्यायचा. त्याच्या मनात काय आहे हे आम्हाला कळत होतं. त्यावर बोलायचं कसं ते कुणाला माहीत नव्हतं.

ते जहाज पुढे काम नसल्यामुळे बरेच महिने नांगर टाकून उभं होतं. दोनेक वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, ते पुन्हा आमच्या गोदीत आलं.

गोदीतलं पाणी उपसताना मी नेहमी काठावर उभा राहतो. पाणी उतरत जातं आणि जहाजाचं पोट हळूहळू वर येतं, त्याबरोबर वास येतो, मासळी बाजार संपल्यावर येतो तसा, पण जड. आणि एक आवाज येतो. पाणी गेल्यावर ते चिकटलेले जीव आपली झाकणं मिटून घेतात. हजारो झाकणं. टिकटिक, टिकटिक, असं काहीतरी जहाजाच्या सगळ्या अंगातून येत राहतं. नवीन माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा मागे वळून बघतो.

त्या दिवशी मात्र आवाज थोडा होता. रंगानं आपलं काम केलं होतं. पत्रा लालसर, जवळजवळ स्वच्छ, कुठे कुठे हिरवी साय. मला बरं वाटलं. मग पाणी आणखी उतरलं आणि डाव्या बाजूला मधोमध काहीतरी पांढरं दिसलं.

तो हात होता. चार बोटं, अंगठा, तळवा. बार्नॅकल दाटीवाटीनं बसून त्या आकाराचे झाले होते, पत्र्यातून बोटभर पुढे आलेले. आजूबाजूला काही नाही, कुठे एक कण नाही. वरून पाणी निथळत होतं आणि त्या ओल्यात ती झाकणं अजून उघडमीट करत होती. कवचातून केसासारखे पाय बाहेर येत आणि आत जात. लांबून बघताना बोटं हलत असल्यासारखी वाटायची.

जहाजमालकाचा इंजिनिअर माझ्या शेजारी होता, केरळचा, विनोदी माणूस. तो म्हणाला, "अरे, किसने टाटा किया?"

कुणी हसलं नाही. सगळी टोळी भाईकडे बघत होती. त्या पट्ट्यावर शेवटचा कुणी रंग मारला होता हे त्या सगळ्यांना माहीत होतं.

मी खाली उतरलो. जवळ गेल्यावर मला दिसलं की हाताच्या खाली, जरा बाजूला, आणखी एक सुटा ठिपका आहे. अंगठ्याएवढा. तपासणीचा. जागा, कोन, उंची, सगळं माझं होतं. तुपावर वरचा रंग बसला नव्हता. पाण्यात तेवढाच पापुद्रा गळून पडला, आणि जिथे विष नाही तिथे समुद्रानं घर केलं. यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं. पण आपला हात आपल्याला माहीत नसताना दोन वर्षं पाण्याखाली जिवंत होता, खात होता, वाढत होता. मी उजवा हात खिशात घातला.

भाई माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"साहेब, हे असं कसं होतं?"

"खाली काहीतरी लागलं असेल. ग्रीस वगैरे."

"कुणाचं?"

"कुणास ठाऊक."

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "आज पाण्याचा मारा नका देऊ याला. एवढा दिवस राहू दे."

मी हो म्हटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? एक हातभर जागा, घासून पुन्हा रंगवायची. मालकाला फरक पडला नसता. माझी चेष्टा झाली असती, वरिष्ठांनी बोलावून झापलं असतं, ज्या माणसांना मी घामाच्या हातांवरून बोललो ती माझ्यावर हसली असती. एवढंच. एवढ्याला मी घाबरलो.

उन्हाळ्यात इथे दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं. माणसं सावलीच्या खोल्यांत जाऊन आडवी होतात आणि सगळी गोदी ओस पडते. आमच्याकडे भर दुपारी एकट्यानं बाहेर फिरू नये म्हणतात. त्याचा अर्थ मला त्या वेळी गोदीत कळला. ऊन इतकं पांढरं असतं की सावल्यासुद्धा नीट पडत नाहीत, क्रेन उभ्या जागी थिजलेल्या, आणि कुठलाही आवाज नाही. मी एक स्क्रॅपर घेऊन निघालो. तो खालचा सुटा ठिपका मला खरवडून काढायचा होता. अंगठ्याचा ठिपका इन्स्पेक्टर सोडून कुणाचा असणार? उद्या कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला तर?

जहाजाच्या पोटाखाली शिरलो तर तिथे आधीच कुणीतरी होतं. भाई हातापुढे उभा होता, दोन्ही तळवे वर करून. मेलेल्या माणसासाठी पढतात तो फातिहा पढत होता.

जहाज ज्यांवर टेकवलेलं असतं त्यातल्या एका ठोकळ्याच्या आड मी थांबलो. त्याचं पढून झालं. तळवे चेहऱ्यावरून फिरवून त्यानं मान वर केली आणि तो बोलायला लागला, रोजच्या आवाजात, कॅम्पच्या खोलीत बोलावं तसं.

"मी तुला तेव्हाच जा म्हणायला हवं होतं. मस्करी केली रे. तू पण कसला, उलटून एक शिवी द्यायचीस आणि निघून जायचंस. कधी माझं ऐकलं होतंस तू? तेवढ्याच दिवशी ऐकलंस."

मग तो गप्प राहिला. उत्तराची वाट बघतात तसा. हात आता उन्हानं सुकला होता, झाकणं मिटलेली. फक्त तळव्याच्या मध्ये कुठेतरी ओल राहिली असावी, कारण तिथून अधूनमधून टिक असा आवाज येत होता. दर आवाजाला भाई मान हलवत होता.

माझ्या हातातला स्क्रॅपर ठोकळ्याला लागला. तो वळला. मी स्क्रॅपर पाठीमागे धरला.

"साहेब?" त्याचे डोळे ओले होते. "तुम्ही पण आलात? या टायमाला?" माझ्याकडे बघत त्यानं हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला पण बोलावलं त्यानं?"

मी "हो" म्हणालो.

का म्हणालो हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. पाठीमागचा स्क्रॅपर लपवायला. तिथे भर दुपारी मी काय करतोय याला दुसरं कारण सुचलं नाही म्हणून. पण त्या एका शब्दानं त्याचा चेहरा असा काही सैल झाला की मला तो परत घेता येईना. "मला वाटलं मलाच वेड लागलंय," तो म्हणाला आणि तिथेच खाली बसून रडला. मी त्याच्या शेजारी बसलो. माझ्या हाताला उद्देशून फातिहा पढलेला माणूस माझ्या खांद्याला टेकून रडत होता, आणि मी "शांत व्हा, भाई" म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या माऱ्यानं हात निघाला. कवचं उडाली, तरी तळाची पांढरी वर्तुळं पत्र्यावर राहिली, देवीच्या व्रणांसारखी. ती वाळूच्या माऱ्यानं काढावी लागली. मी स्वतः उभं राहून ते करून घेतलं. नवीन रंग चढला, जहाज पाण्यात गेलं.

भाईचं मन मात्र त्या हातापाशीच राहिलं. गोदीत नवं जहाज आलं की पाणी उतरताना तो काठावर यायचा आणि पत्रा न्याहाळत बसायचा. टिकटिक सुरू झाली की माणसांना गप्प करायचा. "ऐका, ऐका." त्याला जागोजागी काहीतरी दिसायला लागलं, इथे बोट, तिथे कान. मला बाजूला घेऊन विचारायचा, "साहेब, तुम्हाला काय बोलला का नंतर?" मी "नाही" म्हणायचो. तेवढं तरी खरं होतं. आपल्या दोघांनाच ते माहीत आहे, अशा नजरेनं तो माझ्याकडे बघायचा. पुढे तो जहाजाच्या पोटाखाली जायलाच तयार होईना. जो फोरमन खाली उतरत नाही त्याचा गोदीला काय उपयोग? त्यानं स्वतःच काम सोडलं. उम्म अल कुवैनला त्याच्या मेहुण्याचं मच्छीमार बोटींच्या दुरुस्तीचं छोटं काम होतं, तिथे गेला. जाताना मला मिठी मारून म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून मी टिकलो."

आणि माझी अवस्था? आधीच्या दसऱ्यांना मी कुठकुठल्या जहाजांना हात लावला होता ते आठवत बसायचो. त्या वेळी हात स्वच्छ होता की नव्हता? ती जहाजं कुठे आहेत? एखादं कराचीच्या वाटेवर असेल, एखादं आफ्रिकेकडे, आणि त्यांच्या पोटाला खाली अंधारात माझा एकेक हात चिकटलेला असेल, उघडमीट करत. ओळखीचं जहाज गोदीत परत आलं की पाणी पार उतरेपर्यंत मी काठावरून हलायचो नाही. हात कुठेच निघाले नाहीत. तरी वाट बघणं थांबलं नाही.

घरी मी चमच्यानं जेवायला लागलो होतो. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. बायकोच्या आलं. शारजातल्या आमच्या छोट्या स्वयंपाकघरात ती एका रात्री वाढता वाढता म्हणाली, "वरणभात चमच्यानं? एवढे कधीपासून साहेब झालात?" मी चमचा खाली ठेवला. हात ताटाकडे जाईना. मग मी तिला सगळं सांगितलं. मुलगी पलीकडे फोन बघत बसली होती, ती ऐकते आहे असं वाटलं नव्हतं.

बायकोनं हातातला डाव पातेल्यात ठेवला. मग म्हणाली, "शिरा मी केलेला. आणि माझ्या शिऱ्याचं भूत करून तुम्ही त्या माणसाच्या मानेवर बसवलंत?"

"मी बसवलं नाही. त्याला आपोआप वाटलं."

"तुम्ही हो म्हणालात ना?"

मुलीनं फोनवरून मान वर केली. "सो ही स्टिल थिंक्स इट वॉज अ घोस्ट? बाबा, दॅट्स सो क्रुएल. जस्ट टेल हिम."

"इतकं सोपं नसतं ते."

"इट इज, ॲक्च्युअली," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

तरी मी गेलो नाही. काही महिने गेले. मग भाईचा फोन आला. त्याचा आवाज पुष्कळ दिवसांनी खुलला होता.

"साहेब, मी कायमचा गावी चाललोय. खलास. मुलगा कमवता झाला. पण जायच्या आधी एक काम आहे तुमच्याकडे. माझ्या त्या गेलेल्या दोस्ताच्या बायकोला मी आजवर तोंड दाखवलं नाही. आता जाणार आहे. तिला सांगणार, तो आला होता, आम्ही दोघांनी बघितलं, मी त्याच्यापाशी माफी मागितली. माझ्या एकट्याचं ती ऐकायची नाही, म्हणेल वेडा झाला. तुम्ही शिकलेले, इन्स्पेक्टर माणूस. मी तिच्या घरून फोन लावीन. तुम्ही एवढंच सांगा, हो, मला पण बोलावलं होतं."

"मी येतो," मी म्हणालो. "शनिवारी येतो तुमच्याकडे. समोर बसून बोलू."

"या की. मासे खाऊन जा."

शनिवारी सकाळी गाडी काढली. उम्म अल कुवैनचा रस्ता मला नेहमीच ओसाड वाटतो, पण त्या दिवशी जरा जास्त वाटला. खाडीचं पाणी हलत नव्हतं. किनाऱ्यावर बोटी उलट्या करून ठेवलेल्या, पोटं वर, ओळीनं. दोन बोटींच्या मध्ये भाई उकिडवा बसून एका पोटाला लाल रंग लावत होता. केस पार पांढरे झाले होते. मला बघून त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. चहा मागवला. मी उभाच होतो.

"बसा की साहेब."

"आधी बोलतो," मी म्हणालो. "भाई, तो हात माझा होता."

त्याला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. दसरा, शिरा, अंगठा, तळवा, तूप, गळून गेलेला पापुद्रा. दुपारी मी का आलो होतो, पाठीमागे काय धरलं होतं. मी सांगत असताना त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली आली.

"हात दाखवा," तो म्हणाला.

मी उजवा हात पुढे केला. त्यानं तो मनगटाला धरला, उलटा केला, सुलटा केला, भाजी पारखावी तसा.

"त्याचा मोठा होता," तो म्हणाला. "मला तेव्हाच वाटलं होतं, बोटं बारीक आहेत. मग म्हटलं, मेल्यावर माणूस बारीक होत असेल." त्यानं हात सोडला. "आणि तुम्ही हो का म्हणालात?"

"भीतीनं. माझी लाज जाईल म्हणून."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

चहा आला. दोघांनीही घेतला नाही. एक मांजर उलट्या बोटीच्या सावलीतून उठून दुसऱ्या बोटीच्या सावलीत गेलं. मला वाटत होतं तो चिडेल, शिव्या देईल, आणि मला ते हवं होतं. किंवा भूत नव्हतं हे कळून त्याला हलकं वाटेल, अशी एक आशा मी गाडीत सगळ्या वाटेनं धरून आलो होतो. दोन्ही झालं नाही.

"म्हणजे तो आलाच नाही," भाई म्हणाला.

"नाही."

"मी जे बोललो ते त्यानं ऐकलंच नाही."

मी नुसती मान हलवली.

"मी घाबरत होतो साहेब, खरं आहे. झोप यायची नाही. पण मनात म्हणायचो, आला तरी. जाब विचारायला का होईना, आला. मी बोललो आणि त्यानं ऐकून घेतलं." तो पाण्याकडे बघत होता. "आता मी तिच्याकडे जाऊन काय सांगू? की मी मस्करी केली आणि तो मेला? तेवढंच?"

"मी तुमच्याबरोबर फोनवर असेन," मी म्हणालो. "खरं सांगू. शिरा माझा होता, हसलो मीही होतो. तेवढं मी तिला सांगेन."

"तुम्ही सांगाल?" त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या प्रश्नात टोमणा होता की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. मी सांगेन यावर त्यानं का विश्वास ठेवावा?

मग मी वाळूत त्याच्यासमोर बसलो, नीट मांडी घालून, आणि म्हणालो, "भाई, माझं चुकलं. तुम्ही विचारलंत कुणाचा हात, आणि मी कुणास ठाऊक म्हणालो, ते चुकलं. तुम्ही त्याच्याशी बोलत होतात, ते मी आडोशाला उभा राहून ऐकलं, ते चुकलं. तुम्ही माझ्यावर विश्वास टाकून विचारलंत, त्यानं बोलावलं का, आणि मी हो म्हणालो. त्यानंतर रोज तुम्हाला बघत होतो आणि रोज गप्प राहिलो. तुमचं गोदीतलं काम माझ्यामुळे गेलं. तुमचा मित्र एकदा गेलाच होता, आज मी तो तुमच्याकडून दुसऱ्यांदा नेला. मला माफ करा."